कुमारीचं कंकण आणि गिरनारची वाट

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूतांच्या चोवीस गुरूंची यादी आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असते. मलाही होती. भागवताच्या एकादश स्कंधात सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायांत अवधूत यदुराजाला हे गुरू सांगतात. सातव्यात पृथ्वीपासून कपोतापर्यंत आठ, आठव्यात अजगरापासून पिंगलेपर्यंत नऊ आणि नवव्यात टिटवी, बालक, कुमारी वगैरे सात. हिशेब चोख जुळतो. पण यादी पाठ असणं वेगळं आणि गुरू कळणं वेगळं. यांतल्या एका गुरूचा मी कसा चुकीचा अर्थ लावला आणि तो गिरनारच्या जंगलात कसा दुरुस्त झाला, ते या दत्तजयंतीच्या निमित्ताने लिहितो.

लीली परिक्रमा

गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढून दत्तपादुकांचं दर्शन पुष्कळांनी घेतलेलं असतं. परिक्रमा त्याहून वेगळी. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या दिवसांत गिरनार पर्वताला पायी प्रदक्षिणा घालतात. गुजरातीत लीली म्हणजे हिरवी. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि सगळी वाट हिरव्या जंगलातून जाते, म्हणून ती लीली परिक्रमा. अंतर सुमारे ३६ कि.मी. भवनाथहून निघालं की १२ कि.मी.वर जिनाबावांची मढी, पुढे ८ वर माळवेला, आणखी ८ वर बोरदेवी आणि शेवटचे ८ पुन्हा भवनाथ. वाटेत इटवा, माळवेला आणि नळपाणी असे तीन मोठे चढ लागतात. तिकडे त्यांना घोडी म्हणतात. पर्वत सतत आपल्या उजव्या हाताला असतो. देवळात मूर्तीला प्रदक्षिणा घालतो तशीच ही, फक्त इथे मूर्ती म्हणजे अख्खा डोंगर.

मी काढलेला अर्थ

आम्ही उभयता जिनाबावांच्या मढीवर मुक्काम करून त्रयोदशीला पहाटे निघालो. त्या दिवशी बोरदेवी गाठायचं होतं. १६ कि.मी. आणि दोन घोड्या. माझ्या हातात माळ होती. बोरदेवीपर्यंत किती माळा व्हायला हव्यात, तेही ठरवलेलं. बँकेत जन्म गेला, मोजण्याची सवय सुटत नाही.

सौ.चे गुडघे दुखतात. माळवेल्याची घोडी लागली तशी ती दर पन्नास पावलांवर थांबू लागली. थांबली की बोलायची, "अहो, पाणी आहे का?", "अहो, अजून किती?" माझा जप तुटायचा. तेव्हा मला नववा अध्याय आठवला. कुमारीच्या हातात पुष्कळ बांगड्या असतात तेव्हा आवाज होतो, दोन उरल्या तरी होतो, एकच उरली की शांत. म्हणून साधकाने एकट्याने चालावं, असं अवधूत सांगतात. झालं! शास्त्राधार मिळाला. "तू सावकाश ये, मी वर थांबतो," असं म्हणून मी पुढे निघालो. वर पोचलो, पण जप इतका छान लागला होता की थांबलो नाही. थेट माळवेला गाठलं.

अडीच तास

नऊ वाजता पोचलो. अन्नक्षेत्रात चहा घेतला, माळ पूर्ण केली. दहा वाजले. माणसांचा लोंढा येत होता, त्यात ही दिसेना. फोनला रेंज नाही. पाण्याची बाटली माझ्याच पिशवीत. ती वर घोडीवर माझी वाट बघत बसली असेल, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. सिंहांचं अभयारण्य आहे, हेही तेव्हाच आठवलं. उलटं चढावं, तर गर्दीत चुकामूक व्हायची. माळ हातात होती, पण एक मणी पुढे सरकेना. येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघत मी उभा होतो.

साडेअकराला ती दिसली. चार काठियावाडी बायांच्या घोळक्यात. एकीने हिची पिशवी डोक्यावर घेतली होती, दुसरीने दंडाला धरलं होतं. भाषा एकमेकींची येत नव्हती. मला बघून त्या "जय गिरनारी" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. रागावेल असं वाटलं होतं. ती खाली बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "झाला का जप?"

टोमणा नव्हता हो त्यात. खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

कुमारीची पूर्ण गोष्ट

घरी आल्यावर नववा अध्याय पुन्हा उघडला, शेजारी एकनाथी भागवतही ठेवलं. गोष्ट अशी आहे. मुलीला बघायला पाहुणे येतात. घरचे बाहेर गेलेले. ती स्वतःच त्यांचं स्वागत करते आणि त्यांच्या जेवणासाठी आत साळी कांडायला बसते. शंखाच्या बांगड्या वाजू लागतात. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल म्हणून तिला संकोच वाटतो, तेव्हा ती एकेक बांगडी उतरवते.

आजवर मी फक्त बांगड्याच वाचल्या होत्या, कांडण वाचलंच नव्हतं. ती पाहुण्यांना सोडून एकांतात गेली नाही. तिचं कांडण थांबलं नाही. उतरवला तो फक्त आवाज, आणि तोही स्वतःच्या हातातला. मी मात्र माझ्या आकड्यांचा खणखणाट तसाच ठेवला आणि दुसरं माणूसच उतरवून ठेवलं. अवधूतांचा एकांत संन्याशासाठी खराच आहे. पण आपण संसारी माणसांनी त्याचा आधार घेताना, आपण नक्की काय सोडतोय, हे आधी तपासावं.

पृथ्वी या पहिल्या गुरूसोबतच अवधूत पर्वत आणि वृक्ष यांचंही नाव घेतात. त्यांचं सगळं असणं दुसऱ्यासाठी, हे त्यांच्याकडून शिकावं म्हणतात. ज्या पर्वताला मी प्रदक्षिणा घालत होतो, त्याचा धडा पाठ करूनही मी विसरलो होतो. त्या चार बायांना तो न वाचता येत होता.

नळपाणीची घोडी

दुपारी नळपाणीची घोडी चढलो. तिन्हींत हीच सर्वांत खडी. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं. माळ खिशात ठेवली होती. ती थांबली की मीही थांबायचो, पाणी द्यायचो. बोलणं फारसं झालं नाही. बोरदेवीला पोचायला अंधार पडला. ठरवलेल्या माळांपैकी निम्म्याही झाल्या नाहीत.

पण त्या दिवसाचं मला जे आठवतं ते एवढंच: उजव्या हाताला काळोखात गिरनार, डाव्या हाताला तिची काठी टेकल्याचा आवाज, आणि त्या आवाजाने माझं नाम एकदाही तुटलं नाही.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!