गोवराची सुई

बाळाला नऊ महिने झाले. आशाताई निरोप देऊन गेली, "उद्या बाळाला टोचायला आणा." घरात बोलणे सुरू झाले.

आजी म्हणाली, "गोवर सगळ्यांनाच येतो. आला तसा जातो."

बाप म्हणाला, "मागे टोचले तेव्हा रात्रभर ताप होता. पुन्हा तेच कशाला?"

आई विड्या वळते. मजुरी हजारावर मिळते. दवाखान्यात वेळ गेला की तेवढ्या विड्या कमी. ती गप्प बसली.

आपल्या शुक्रवार पेठेत असे बोलणे नवे नाही. यात कोणी वेडे नाही. प्रत्येकाचे म्हणणे नीट पाहू.

बापाला आठवतो तो ताप दीड महिन्याच्या टोचणीचा. त्या एका सुईत पाच रोगांची लस असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात हे त्यातलेच. त्या सुईने पुष्कळ मुलांना त्याच दिवशी ताप येतो. गोवराच्या सुईचे तसे नाही. हिचा ताप काही मुलांनाच येतो, तोही आठवड्या-दीड आठवड्याने. कधी बारीक पुरळ उठते. दोन-तीन दिवसांत ते जाते.

आता खरा गोवर पाहा. रोगी मूल खोलीतून निघून गेले तरी त्याचे जंतू दोन तासांपर्यंत हवेत राहतात. भिंतीला भिंत लागून घरे असली तर मग विचारूच नका! गोवर मारणारे औषध नाही. पुरळ जाते, पण मागून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात. कोणाची दृष्टीही जाते.

२०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवराची साथ आली. करोनाच्या काळात पुष्कळ मुलांची टोचणी राहून गेली होती. त्या साथीत लहान मुले दगावली. तेव्हा 'आला तसा जातो' हे सगळ्यांचे खरे होत नाही.

आजीबाईंना एक विचारावे. तुमच्या दंडावर तो गोल वण कसला? तो देवी टोचल्याचा वण. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा देवीची लस टोचली. पुढे घरोघर टोचणी झाली. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. म्हणून नातवाच्या दंडावर तो वण नाही.

राहिली आईची मजुरी. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण वेळ जातो हे खरे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. मात्र गोवर झालेल्या मुलाजवळ आठ-दहा दिवस बसावे लागते. त्या दिवसांच्या विड्या किती होतील, हा हिशेब तिने पाटीवर मांडून पाहावा.

एक सुई पुरत नाही. नवव्या महिन्यातल्या सुईने शंभरांतल्या सुमारे पंधरा मुलांना गुण येत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी घ्यायची. साधी सर्दी-पडसे असले तरी टोचता येते. तारीख चुकली असली तरी पाच वर्षांच्या आत जा. कार्ड हरवले असेल तर आशाताईला सांगा, नर्सबाईंच्या वहीत नोंद असते.