इंजिनाला रंग द्यावा की पावडर कोटिंग करावे?

मोटारसायकल पाच-दहा पावसाळे खाते. मग तिच्या इंजिनाचा रंग उडतो. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा असतो. त्यावर तांबूस गंज चढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी येते. अशा वेळी मेकॅनिक विचारतो, "रंग मारू, की पावडर कोटिंग करून आणू?" आपण गोंधळतो. या दोन्हींत फरक काय, ते पाहू.

रंग आपल्या ओळखीचा आहे. तो ब्रशने किंवा फवाऱ्याने मारतात. त्यातला थिनर उडून जातो, रंग मागे राहतो. पावडर कोटिंगला थिनर लागत नाही. असते ती पिठासारखी बारीक, कोरडी भुकटी. ती एका बंदुकीतून उडवतात. उडवताना तिला विजेचा भार देतात. ज्या वस्तूवर ती उडवायची, तिला अर्थिंग जोडलेले असते. म्हणून भुकटी वस्तूकडे ओढली जाते आणि चिकटते. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तसेच हे. मग ती वस्तू भट्टीत ठेवतात. १८० ते २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजतात. पाणी १०० अंशांवर उकळते, यावरून उष्णता किती ते समजून घ्या. भुकटी वितळते, पसरते आणि घट्ट होते.

हा थर चिवट असतो. खडी उडून लागली तरी सहसा टवका निघत नाही. पेट्रोल सांडले तर साधा ऑईल पेंट सुटतो, हा टिकतो. मग सगळे इंजिनच भट्टीत का घालू नये?

आम्हीही असेच म्हणालो होतो. आमच्या जुन्या गाडीचे इंजिन खोलून, त्याचे बाहेरचे भाग आम्ही शहरातल्या एका दुकानात दिले. तिथे वाळूचा मारा करून जुना रंग काढला आणि कोटिंग केले. गाडी नव्या नवरीसारखी दिसू लागली. आठ दिवस चालली. मग आतून खडखड ऐकू येऊ लागली. उघडून पाहतो तो बेअरिंग खलास! तेलाच्या बारीक वाटांत वाळूचे कण अडकून राहिले होते. तेलाबरोबर ते सगळीकडे फिरले. चूक दुकानदाराची, तशी आमचीही. तेलाची भोके आधी बुजवायला आम्ही सांगितले नाही. भाग परत आल्यावर धुऊन, हवा मारून पाहिले नाही. रंगाच्या हौसेपायी इंजिनाचे काम दुसऱ्यांदा करावे लागले.

आणखीही गोष्टी आहेत. भट्टीत रबर टिकत नाही. म्हणून ऑईल सील आणि बेअरिंग आधी काढावी लागतात. पॅकिंग बसते ती तोंडे आणि बोल्टचे आटे झाकावे लागतात. तिथे थर बसला तर भाग नीट जुळत नाहीत आणि तेल गळते. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. ते भट्टीत वर येते आणि कोटिंगला फोड येतात. चांगला कारागीर म्हणून तो भाग आधी नुसताच भाजून घेतो.

आता सिलिंडरकडे पाहा. त्याच्या अंगावर पातळ पाती असतात. वाऱ्याने इंजिन थंड व्हावे, म्हणून ती असतात. कोटिंगचा थर रंगापेक्षा जाड असतो. एक मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले ६० ते १०० भाग. तिथे जाड थर देणे म्हणजे उन्हात नांगर धरणाऱ्याला घोंगडी पांघरणे. शिवाय पातींच्या खोल फटींत भुकटी नीट पोचतही नाही. सायलेन्सरची नळी तर त्याहून तापते. तिच्यावर साधे कोटिंग जळून पिवळे पडते.

म्हणून आमचे मत असे. चासी, स्टँड, चाकाची रिम यांना पावडर कोटिंग खुशाल करा. इंजिन पूर्ण खोललेच असेल, तर बाजूच्या झाकणांनाही करा. सिलिंडर आणि हेड यांना उष्णता सोसणारा रंगच बरा. इंजिन खोलायचे नसेल, तर रंगाशिवाय वाटच नाही. रंगाचा टवका उडाला तर घरी ब्रशने भरता येतो. कोटिंगचा टवका तसा भरत नाही. पाणी त्याखाली शिरत राहते आणि पापुद्रा सुटतो.

रंग मारताना घाई नको. गंज तारेच्या ब्रशने काढा. तेलकटपणा रॉकेलने काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. हे काम उघड्यावर करा. जवळ विडी-काडी नको. अ‍ॅल्युमिनियमला त्याचा वेगळा प्रायमर लागतो, तो मागून घ्या. रंगाचे दोन पातळ हात द्या. डब्यावर लिहिलेले वाचा. किती वेळ वाळवायचे, ते तिथे असते. असे बरेच रंग तापल्यावरच पक्के होतात. वाळल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. पहिल्यांदा थोडा धूर आणि वास येईल. तो नव्या रंगाचा असतो.