कोणत्या अधिकारान्वये?

वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून माझी जी वर्षे गेली, त्यांत समोर येणाऱ्या प्रत्येक कागदाला मी दोनच प्रश्न विचारीत असे: यावर सही करणाऱ्यास तो अधिकार कोणत्या कायद्याने दिला, आणि त्या अधिकाराची हद्द कोठवर? उत्पन्नाचा दाखला असो वा जमिनीचे प्रकरण, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून मी कागद पुढे सरकवीत नसे, आणि त्यापायी पुष्कळांचे शिव्याशापही मी घेतले. असा मी, 2004 च्या जून महिन्यात पोटच्या मुलाच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा, हे दोन्ही प्रश्न साफ विसरलो.

मुलाला बारावीस वाणिज्य शाखेत 71 टक्के गुण होते. मुंबई विद्यापीठाने 1999 मध्ये सुरू केलेल्या बी.एम.एस.ला त्याला जागा मिळाली नाही, आणि दोन मार्ग उरले. एक, मुलुंडला घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या महाविद्यालयात त्याच विद्यापीठाचे बी.कॉम.; दुसरा, अंधेरी पूर्वेच्या एका संस्थेत, छत्तीसगडातील एका नव्या खासगी विद्यापीठाची बी.बी.ए. ही पदवी. पहिल्या ठिकाणी अर्जासाठी खिडकीपुढे दोन तास उभे राहावे लागले. दुसऱ्या ठिकाणी वातानुकूलित दालनात चहा आला, आणि गळपट्टा बांधलेल्या एका तरुणाने ‘मॅनेजमेंट’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की, बी.कॉम. म्हणजे आमच्यासारख्या कारकुनांच्या पिढीचा वारसा, अशी माझीच समजूत होऊन बसली. घरी आल्यावर सौ. म्हणाली, “अहो, पण छत्तीसगडचे विद्यापीठ अंधेरीत कसे काय?” तीस वर्षे जो प्रश्न मी परक्यांना विचारला, तो माझ्याच स्वयंपाकघरातून मला विचारला गेला, आणि मी तो हसून उडवून लावला. दुसऱ्या दिवशी 60,000 रुपये भरून पावती घेतली.

त्यानंतरचे सात-आठ महिने मुलगा मुलुंडहून घाटकोपरपर्यंत गाडीने आणि तेथून 340 क्रमांकाच्या बसने अंधेरीला जात असे. मेट्रो यावयास अजून दहा वर्षांचा अवकाश होता आणि पावसाळ्यात त्या रस्त्याची दशा काय होत असे, हे उपनगरवासीयांस सांगणे नलगे. तक्रार मात्र त्याने प्रवासाची कधी केली नाही, एकदा सहज इतकेच म्हणाला की, “बाबा, परीक्षा कोण घेणार, ते तिथल्या सरांनाही ठाऊक नाही.”

ते आम्हांला 11 फेब्रुवारी 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून कळले. छत्तीसगड शासनाने 2002 साली एक अधिनियम करून केवळ अधिसूचनेद्वारे खासगी विद्यापीठे स्थापन करण्याची मुभा स्वतःकडे घेतली होती, आणि अल्पावधीत तेथे शंभरावर विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्यांतील अनेकांना स्वतःची इमारतही नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने अधिनियमातील मूळ कलमेच घटनाबाह्य ठरवली, त्यान्वये जन्मलेली विद्यापीठे संपुष्टात आली, आणि एका राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने दुसऱ्या राज्यात विद्यापीठाचा विस्तार करता येत नाही, हेही स्पष्ट झाले. म्हणजे अधिकारही नव्हता आणि हद्दही नव्हती. माझे दोन्ही प्रश्न न्यायमूर्तींनी माझ्याऐवजी विचारले.

पैशाचे दुःख मी लौकर गिळले. खरी दमछाक झाली ती बारावीची मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला परत मिळवताना, कारण ते दोन्ही कागद संस्थेने ‘प्रक्रियेसाठी’ ठेवून घेतले होते आणि त्यांच्यावाचून नवा प्रवेश अशक्य होता. अकरा खेपांनंतर, मे महिन्याच्या अखेरीस, ते हाती आले. त्यानंतर दोन महिन्यांनी 26 जुलैच्या जलप्रलयात त्या कचेरीत छातीभर पाणी शिरले. आजही तो विचार मनात आला की अंगावर काटा येतो. मुलगा मात्र वर्षभराने लहान असलेल्या मुलांबरोबर मुलुंडच्या वर्गात बसला आणि 2008 साली बी.कॉम. झाला.

गेल्या वर्षी बोरिवलीहून माझी पुतणी आपल्या मुलीला घेऊन आली. दोन विद्यापीठे, दोन रंगीत माहितीपत्रके आणि तोच पेच. मी माहितीपत्रके बाजूस ठेवली. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 याच्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कोणास आहे, हे पाहावे. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने झाले आहे की कलम 3 खालील अभिमत आहे, वर्ग जेथे भरणार ती जागा त्याच्या मंजूर हद्दीत आहे काय, हे आयोगाच्या यादीशी ताडून घ्यावे. आयोग बोगस विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, तीही वाचावी. महाविद्यालय ‘स्वायत्त’ असले तरी पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते, याने दचकून जाण्याचे कारण नाही. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नयेत. दाखवावेत, ताडून झाल्यावर परत घ्यावेत.

नावांचा घोळ आता अधिकच वाढला आहे. 2024-25 पासून बी.बी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले, राज्याने त्यांना सामायिक प्रवेश परीक्षा लावली, आणि मुंबईतील कित्येक महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ या नावाने चालू ठेवला. त्यात गैर काही नाही. मात्र पदवीच्या कागदावर नेमके कोणते शब्द छापून येणार, हे लेखी मागावे. नात म्हणाली, “आजोबा, तिथे असे कुणी विचारत नाही.” मी म्हटले, “तू विचार. उत्तर द्यायला किती वेळ लावतात, तेही बघून ये.” वर्गमित्र, शिक्षक, लोकलची गर्दी यांचा विचार तिने माझ्याहून अधिक केला होता, त्यात मी तोंड घातले नाही.

माझ्या कपाटात 60,000 रुपयांची ती पावती अद्याप आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, फाडून टाका.” आमच्या अभिलेख कक्षात कागदांचे वर्ग असत: ‘ड’ वर्गातील कागद वर्षभरात नष्ट करावयाचे, ‘अ’ वर्गातील कायम जपावयाचे. पावतीच्या कोपऱ्यात मी लाल शाईने ‘अ’ लिहून ठेवला आहे.