ग्रामपंचायतीचे काम मोजावे कसे?

प्रश्न : आमची ग्रामपंचायत कार्यक्षम आहे की नाही, हे साध्या करदात्याने कशावरून ठरवावे?
— एक वाचक, कोडोली (ता. पन्हाळा)

उत्तर : 2000 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावांना गुण देण्याची प्रथा रूढ केली खरी, परंतु तपासणीच्या आदल्या रात्री झाडलेला रस्ता आणि वर्षभर स्वच्छ राहिलेला रस्ता यांतील भेद समितीला दिसतोच असे नाही. म्हणून आपण दप्तर मागावे. नमुना 9 ही करमागणीची नोंदवही. तिच्यात मागील बाकी, चालू मागणी आणि वसुली शेजारी शेजारी नांदतात, आणि एकाच घराची बाकी सालोसाल पुढे ओढली जात असेल, तर तेथे अडचण ऐपतीची की मुरवतीची, हे गावाला सांगावे लागत नाही. अर्थात वसुली म्हणजेच कारभार नव्हे. पाणीपट्टी चोख आणि नळ कोरडा, असेही घडते. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 अन्वये वित्तीय वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्चाचे विवरण व गतवर्षाचा प्रशासन अहवाल ठेवावा लागतो. त्या सभेत जुने ठराव हाती घेऊन बसावे आणि एकेकाची तामिली विचारावी; गणपूर्तीअभावी सभाच तहकूब झाली, तर तो दोष मात्र एकट्या सरपंचाच्या माथी मारता यावयाचा नाही.