नोकरी सुटली, तरी निधी आपलाच

कारखाना बंद पडतो, कंत्राटाची मुदत संपते किंवा अधिक वेतनाची नोकरी मिळते आणि कामगार गाव बदलतो. जाताना पगाराचा हिशेब पुरा होतो. भविष्य निर्वाह निधीचे खाते मात्र पुष्कळदा मागेच राहते. काहीजण घाईने ती रक्कम काढून घेतात, तर काहीजण तिच्याकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाहीत. दोन्ही प्रकारांत नुकसान कामगाराचेच होते. या निधीसंबंधी करविषयक व निष्क्रिय खात्याविषयीचे नियम नीट समजले, तर हे नुकसान सहज टळू शकते.

निधीचे स्वरूप

नोव्हेंबर १९५१ मध्ये काढलेल्या वटहुकुमाची जागा १९५२ च्या कायद्याने घेतली आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची योजना देशात सुरू झाली. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती आता लागू होते. कर्मचाऱ्याच्या वेतनातून सामान्यतः १२ टक्के रक्कम कापली जाते व मालक तितकीच भर घालतो. मालकाच्या हिश्श्यापैकी ८.३३ टक्के भाग, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळविला जातो. म्हणजे खात्यातील रक्कम ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराच्या श्रमाचा राखून ठेवलेला मोबदला होय. नोकरी सोडल्याने किंवा सुटल्याने तिच्यावरील त्याचा हक्क संपत नाही.

पाच वर्षांची कसोटी

निधी काढताना कर लागेल की नाही, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते. सलग सेवा पाच वर्षे किंवा त्याहून अधिक झाली असल्यास साठलेली रक्कम करमुक्त असते. सेवा त्याहून कमी असल्यास मालकाचा हिस्सा व त्यावरील व्याज वेतनाप्रमाणे करपात्र ठरते, कर्मचाऱ्याच्या हिश्श्यावरील व्याजही उत्पन्नात धरले जाते आणि त्या हिश्श्यावर पूर्वी करसवलत घेतली असल्यास तीही परत जाते. आजारपण, मालकाचा धंदा बंद होणे किंवा कर्मचाऱ्याच्या आवाक्याबाहेरील अन्य कारणाने सेवा संपली असल्यास मात्र पाच वर्षांची अट आड येत नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांनी ही तरतूद विशेष ध्यानात ठेवावी.

सलग सेवा मोजताना पूर्वीच्या मालकाकडील सेवाही धरली जाते. अट एवढीच की, जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग झालेली असावी. समजा, एका कामगाराने चाकण येथे तीन वर्षे व नंतर नाशिक येथे अडीच वर्षे काम केले. जुना निधी त्याने नव्या खात्यात आणला असेल, तर त्याची सेवा साडेपाच वर्षांची होते व रक्कम करमुक्त मिळते. चाकण सोडतानाच त्याने तो काढून घेतला असेल, तर नाशिक येथील मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

पाच वर्षांच्या आत काढलेल्या करपात्र रकमेतून १० टक्के कर आधीच कापून घेण्याची पद्धत १ जून २०१५ पासून सुरू झाली. त्यासाठीची ३०,००० रुपयांची मर्यादा २०१६ मध्ये ५०,००० रुपये करण्यात आली. पॅन क्रमांक दिला नसल्यास कपातीचा दर दुप्पट, म्हणजे २० टक्के होतो. साठ हजारांच्या रकमेवर हा फरक सहा हजार रुपयांचा पडतो. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्र नाही, त्याने विहित घोषणापत्र वेळीच भरून दिल्यास कपात टळते.

निष्क्रिय खाते

छत्तीस महिने वर्गणी न आलेल्या खात्यांवर व्याज देणे १ एप्रिल २०११ पासून थांबविण्यात आले होते. नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने हा नियम बदलला. वयाच्या ५५ वर्षांनंतर निवृत्त झालेला, कायमचा परदेशी गेलेला किंवा मृत्यू पावलेला सभासद यांच्या बाबतीत छत्तीस महिन्यांत मागणी न आल्यास खाते निष्क्रिय समजले जाते. तरुणपणी नोकरी सोडलेल्या सभासदाच्या खात्यावर व्याज चालू राहते.

तथापि, व्याज मिळते म्हणून रक्कम पडून ठेवणे हिताचे नाही. नोकरी सुटल्यानंतर जमलेले व्याज करमुक्त नसते. बंगळूर येथील प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये हाच निर्णय दिला. त्या प्रकरणातील कर्मचारी २००२ मध्ये निवृत्त झाला होता व त्याने नऊ वर्षांनी निधी काढला. मधल्या काळातील व्याज करपात्र ठरले. शिवाय, खाते निष्क्रिय ठरल्यावर सात वर्षे कोणीही मागणी न केल्यास रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे वर्ग होऊ शकते. त्यानंतरही पंचवीस वर्षांपर्यंत हक्क सांगता येतो. पण तोवर कागदपत्रे व साक्षीदार हाती राहतीलच असे नाही.

काय करावे

नवी नोकरी मिळताच जुना बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांकच नव्या मालकास द्यावा व जुनी रक्कम वर्ग करून घ्यावी. क्रमांक एक असला, तरी त्याखालील खाती वेगवेगळी असू शकतात, हे विसरू नये. आधार, पॅन व बँक खात्यावरील नाव आणि जन्मतारीख सारखी आहे ना, जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदविली आहे ना, हे पाहावे. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन विवाहानंतर रद्द समजले जाते. म्हणून ते नव्याने करावे. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. त्याआधी ती रक्कमही काढून घेतल्यास जुन्या सेवेचा हिशेब तेथेच संपतो. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते.

बेकारीत पैशाची निकड असते, हे खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने घेतलेल्या निर्णयात नोकरी सुटताच ७५ टक्के रक्कम काढण्याची मुभा असून उरलेला चौथा हिस्सा वर्षभर राखून ठेवावयाचा आहे. गरजेपुरते घ्यावे व उरलेले म्हातारपणासाठी ठेवावे, हाच त्यामागील हेतू.

गावी परतलेल्या कामगारांपैकी अनेकांना आपल्या नावे काही शिल्लक आहे, याचीच जाणीव नसते. मृत कामगाराच्या पत्नीला तर खात्याचा क्रमांकही ठाऊक नसतो. पंचायत सदस्यांनी मृत्यूची नोंद करतानाच नोकरीची चौकशी केली, शिक्षकांनी अर्ज भरण्यास हातभार लावला आणि ग्रामसेवकांनी जुनी वेतनचिठ्ठी जपून ठेवण्यास सांगितले, तर कष्टाने साठविलेला पैसा ज्याचा त्याच्या घरी पोचेल.