काट्याशेजारचा मोबाईल

२०१२ च्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या दूध संस्थेत पहाटे साडेपाचला मी उभा होतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही दूध संकलनाचे इलेक्ट्रॉनिक काटे बनवत होतो आणि या संस्थेतून तक्रार आली होती, ‘आकडा नाचतोय.’ पन्नाशीच्या एक बाई किटली ओतून काट्याच्या डिस्प्लेकडे बघत होत्या. ८.४० वर स्थिरावलेला आकडा ८.६० झाला, मग ८.२० वर आला. तेवढ्यात काउंटरवर ठेवलेला सचिवांचा मोबाईल वाजला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दादा, दूध तेवढंच हाय की. मग काटा का हलतोय?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी जे चुकीचं केलं ते सांगायला आज बसलो आहे. यंत्रं बनवणारी किंवा बनवू पाहणारी अनेक मुलं माझ्याकडे येतात. टेस्टिंगचा विषय निघाला की, “आधी माल बाजारात जाऊ दे, मग बघू,” असं म्हणतात. मीही तेच म्हणायचो.

काट्याच्या पोटात लोडसेल असतो. आमच्या १०० किलोच्या काट्यात पूर्ण वजनाला तो १० मिलिव्होल्ट द्यायचा, म्हणजे १० ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट. शेतकऱ्याचे पैसे या एका मायक्रोव्होल्टवर ठरतात. लोडसेलपासून बोर्डापर्यंत ४० सेंटिमीटरची वायर येते आणि ती नकळत अँटेनाचं काम करते. तेव्हाचे टूजी मोबाईल सेकंदाला २१७ वेळा धडधडत प्रक्षेपण करायचे. ती लहर वायरवरून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते, तिथल्या ट्रान्झिस्टरमध्ये तिचं रेक्टिफिकेशन, म्हणजे एकदिशीकरण होतं आणि अ‍ॅम्प्लिफायर तिला वजन समजतो. वायर कशी वळली आहे आणि मोबाईल कुठे आहे, त्यावर आकडा वर जायचा की खाली हे ठरायचं. त्यामुळे रजिस्टर उघडून कुणाचं किती गेलं आणि कुणाला किती जास्त मिळालं हे शोधायची सोयच नव्हती. ते आता कधीच कळणार नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आमच्या काट्याला नमुना मान्यता होती. दरवर्षी वजनमाप खात्याचं पासिंगही व्हायचं. पण मान्यता मिळाली तेव्हा आत जड ट्रान्सफॉर्मर होता आणि पेटी लोखंडी होती. पुढे मी खर्च वाचवायला एसएमपीएस, म्हणजे हलका स्विचिंग वीजपुरवठा बसवला, पेटी प्लास्टिकची केली आणि अ‍ॅम्प्लिफायर जागेवरून हलवला. प्रत्येक बदल लहान वाटला. भिंतीवरच्या कागदात एक यंत्र होतं आणि गावोगाव वेगळंच यंत्र जात होतं. म्हणून भेटायला येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तपासलेला नमुना आणि आज पॅक होणारा माल यांत नेमका फरक काय? ‘तसा काही नाही’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. पुरवठादाराने कपॅसिटरची कंपनी बदलली, तरी ते वहीत लिहिलेलं असायला हवं.

मोबाईलच्या जोडीला दुसरी तक्रार होती. शेजारी कडबाकुट्टी सुरू झाली किंवा दूध थंड करणाऱ्या टाकीचा कॉम्प्रेसर लागला की काटा अडकून बसायचा. विजेच्या लाइनवरून अतिशय वेगवान ठिणग्यांचे झोत येतात, तसा हा प्रकार. मी घाईघाईने मेन्स फिल्टर बसवले आणि पुन्हा लोखंडी पेटी आणली. काटा अडकायचा थांबला. आठवड्याभरात तीन गावांहून फोन आले, काट्याच्या ताटाला हात लावला की झिणझिण्या येतात.

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट भल्या भल्या मुलांना माहीत नसते. फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पेटीपर्यंत छोटे कपॅसिटर असतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. गोंगाट अर्थिंगकडे वळवणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकलेल्या पेटीवर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. संस्थेतल्या तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार बहुतेक वेळा जोडलेलीच नव्हती. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. एसएमपीएसमध्ये तसाच एक आधीपासून होता, म्हणजे दोन्ही मिळून ०.७ च्या आसपास. माणसाला अर्ध्या मिलिअँपिअरच्या पुढे झिणझिण्या जाणवू लागतात. अर्थिंग नसलेल्या उपकरणाच्या हाताला लागणाऱ्या भागासाठी तेव्हाच्या आयईसी ६०९५० या मानकात मर्यादा ०.२५ ची होती. इथे तर ओली फरशी, ओले हात आणि स्टीलचं ताट.

त्याहून वाईट गोष्ट फिल्टर उघडल्यावर कळली. स्वस्तात मिळालेल्या त्या फिल्टरमध्ये वाय वर्गाचे कपॅसिटर नव्हतेच. साधे सिरॅमिक डिस्क लावलेले होते. वाय कपॅसिटर अशा रीतीने बनवतात आणि तपासतात की बिघडला तरी तो शॉर्ट होण्याची शक्यता अत्यंत कमी राहावी, कारण तो शॉर्ट झाला तर पूर्ण २३० व्होल्ट थेट माणसाच्या हाताशी येतात. अंगावर वाय-१ किंवा वाय-२ अशी खूण आणि प्रमाणन संस्थांची चिन्हं नसतील तर त्या जागी कपॅसिटर लावायचा नाही, मग तो किलोव्होल्टचा का असेना. मी त्याच दिवशी टेम्पो काढला आणि ४६ काटे उतरवून आणले. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

हस्तक्षेप कमी करणारा उपाय सुरक्षितता कमी करू शकतो आणि सुरक्षिततेचा उपाय हस्तक्षेप वाढवू शकतो. म्हणून ईएमसीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाचा माणूस वेगळा आणि सेफ्टीचा वेगळा, ही विभागणी छोट्या कारखान्याने करूच नये. फिल्टरमधला एक भाग बदलला तरी लिकेज करंट, म्हणजे पेटीवर गळणारा प्रवाह पुन्हा मोजायचा, लिकेजसाठी काही काढलं तर बर्स्ट टेस्ट, म्हणजे ठिणग्यांच्या झोतांची चाचणी पुन्हा करायची.

शेवटी मी प्रयोगशाळेत गेलो. मुंबईत अंधेरीला ईआरटीएल ही सरकारी प्रयोगशाळा आहे, खारघरला ‘समीर’ या संस्थेची सोय आहे, खासगीही बऱ्याच आहेत. पहिल्या खेपेला मी एका मुलाच्या हाती खोका पाठवला होता. तो ‘फेल’ एवढाच शिक्का घेऊन परत आला. दुसऱ्यांदा मी आणि बोर्ड बनवणारा आमचा सहकारी, दोघेही गेलो. सोबत दुसरा काटा, सोल्डरिंग आयर्न, तांब्याची चिकटपट्टी, फेराइटच्या कड्या, वेगवेगळे कपॅसिटर आणि क्लिपा होत्या. तिथे पैसे तासावर जातात, कारण सापडलं की तिथल्या तिथे दुरुस्त करून पुन्हा लावता आलं पाहिजे.

भिंतींवर शंकूच शंकू असलेल्या त्या खोलीत ताटावर १० किलोचं वजन ठेवलं आणि दार लावलं. ८० मेगाहर्ट्झपासून वर, मीटरला १० व्होल्टचं क्षेत्र. बाहेर कॅमेऱ्यातून आकडा दिसत होता. १९० मेगाहर्ट्झच्या आसपास तो १० किलो १८० ग्रॅम झाला, ९०० च्या जवळ पुन्हा हलला. १९० ला लहरीची लांबी साधारण १६० सेंटिमीटर असते. तिचा चौथा भाग म्हणजे ४० सेंटिमीटर, आमच्या वायरीची बरोब्बर लांबी.

वायरीला जाळीचं कवच होतं, पण ते आम्ही पाच सेंटिमीटरची शेपटी काढून बोर्डाच्या कोपऱ्यात सोल्डर केलं होतं. मल्टिमीटरला ती शेपटी शून्य ओहम दाखवायची. १०० मेगाहर्ट्झला तिचाच अडथळा तीस ओहमच्या घरात जातो. तिथल्या इंजिनिअरने सांगितलं, “कवच पेटीच्या दारातच सगळीकडून घट्ट पकडा, आत येऊ देऊ नका.” पेटीच्या भिंतीवर धातूचा क्लॅम्प, अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही इनपुटांवर एकेक नॅनोफॅरड, वायरीवर फेराइट. एवढ्यावर चूक एका भागाच्या, म्हणजे १० ग्रॅमच्या आत आली. या सगळ्या सामानाचा खर्च एका काट्यामागे साठ रुपयांच्या आत होता.

त्याआधी आम्ही सॉफ्टवेअरमध्ये सरासरी वाढवून आकडा शांत केला होता. ते करू नका. सरासरीने आकडा स्थिर दिसतो, खरा होत नाही, आणि स्थिर खोटा आकडा जास्त घातक असतो. वजनकाट्यांच्या ओआयएमएल आर ७६ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा अशी की, बाहेरच्या उपद्रवाने मोठी चूक होऊ नये, आणि झालीच तर यंत्राने ती ओळखून दाखवावी. आता आमचा काटा गोंधळला तर डिस्प्लेवर रेघा येतात आणि पावती छापली जात नाही.

पास झाल्यावरही मी एक हिशेब मांडला. दोन वॅटचा मोबाईल एका मीटरवर सात-आठ व्होल्ट प्रति मीटर एवढं क्षेत्र देतो, वीतभर अंतरावर त्याच्या चौपट. म्हणजे काउंटरवरचा फोन प्रयोगशाळेतल्या १० व्होल्टच्या कितीतरी पुढे जातो. मानक ही किमान पायरी आहे. आपलं यंत्र कुठे बसणार, शेजारी काय असणार, हे आपल्यालाच माहीत असतं. म्हणून आम्ही पुढे घरीच तपासायला लागलो. ताटाला चिकटून फोन वाजवायचा, काट्याच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर जुनं ब्रशवालं ड्रिल चालू-बंद करायचं, पेटीजवळ गॅसच्या लायटरच्या ठिणग्या पाडायच्या. ही खरी चाचणी नव्हे, पण बोर्डाचं डिझाइन पक्कं होण्याआधी आणि साच्याचे पैसे जाण्याआधी ढोबळ दोष यात दिसतात.

दुसऱ्या दिशेची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमचा एसएमपीएस चालू असला की सचिवांच्या रेडिओवरची मीडियम वेव्हची सांगली आकाशवाणी खरखरायची. यंत्र जसं सोसतं तसं ओकतंही, आणि ईएमसीच्या शास्त्राची आंतरराष्ट्रीय सुरुवात १९३० च्या दशकात रेडिओ नीट ऐकू यावा यासाठीच झाली. आमचा हा दोष शेवटी पेटीतला तो एसएमपीएस काढूनच गेला. आता बाहेरचा, दुहेरी इन्सुलेशनचा, बीआयएस नोंदणी असलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरतो. त्याच्या आत वाय कपॅसिटर एक नॅनोफॅरडचा आहे, लिकेज सुमारे ०.०७ मिलिअँपिअर. गावच्या अर्थिंगवर आता आमच्या काट्याची भिस्त नाही. नवीन लॉट आला की त्यातला एक अडॅप्टर आम्ही फोडून बघतो.

बदललेलं यंत्र मान्यतेसाठी पुन्हा पाठवलं. तो कागद हातात आल्यावर, पुढच्या मार्चमध्ये मी नवा काटा घेऊन त्याच गावी गेलो. त्या बाई रांगेत होत्या. त्यांची किटली ताटावर आली तेव्हा मी माझा मोबाईल डिस्प्लेला टेकवला आणि सचिवांना फोन करायला सांगितलं. तो वाजत राहिला, आकडा ७.९० वर थांबून राहिला. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पावती घेतली, आकडा दोनदा वाचला, आणि ती पदराच्या टोकात बांधून त्या निघून गेल्या.