नासलेल्या दुधाचे उपकार

प्रस्तुत लेखिकेने दीड वर्ष आपल्या यजमानांना सकाळी आठची पार्किन्सन्सची गोळी पेलाभर दुधाबरोबर दिली. दुधात दोन चमचे प्रोटीन पावडर. यजमानांचं वजन उतरलं होतं, आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या लॅमिनेट केलेल्या तक्त्यात सकाळच्या चौकोनात तसंच लिहिलं होतं. वर न्याहारीला मोडाची उसळ नाहीतर पनीर.

नऊ वाजले की यजमान न्हाणीघराच्या उंबऱ्याशी थबकत. पाय फरशीला चिकटल्यासारखे. लेखिका "एक, दोन, चला" म्हणत उभी. डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला. नणंद फोनवर विचारायची, "वहिनी, दादाला नीट खायला घालतेस ना?"

आषाढी एकादशीला दूध नासलं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर गेली. उपास, त्यामुळे दहापर्यंत पोटात काही नाही. दहाला रताळ्याचा कीस. नऊच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली. लेखिकेने खिडकीतून पाहिलं तर यजमान स्वतः जाऊन पेपर घेऊन येत होते. हात थरथरत होता, पण पावलं सरळ पडत होती. तिने विठोबाला हात जोडले. द्वादशीला ताजं दूध आलं, पाय पुन्हा चिकटले, तेव्हा श्रेय विठोबाकडून दुधाकडे वळवावं लागलं.

"गोळी खाण्याआधी घ्यायची, सांगितलं नव्हतं का?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. नव्हतं. फाइलमधल्या एकाही कागदावर 'सकाळी १, दुपारी १, रात्री १' यापलीकडे अक्षर नाही. आहारतज्ज्ञ बाईंचं उत्तर आणखी सोपं: "औषधं माझ्याकडे येत नाहीत." फी मात्र दर महिन्याला त्यांच्याकडे जात होती.

गोष्ट सरळ आहे. गोळीतलं लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल. प्रथिनं पचून निघणारी अमिनो आम्लं ज्या वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरतात, तीच याची वाट. गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून ती खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा तासाभरानंतर, पाण्याबरोबर घ्यावी. मळमळलं तर सोबत एखादा कोरडा खाकरा चालतो. लोहाची गोळीही एकाच वेळी देऊ नये. सगळ्यांनाच प्रथिनं अशी आडवी येत नाहीत. ज्यांना येतात त्यांनी डॉक्टरांना विचारून डाळ, अंडी, पनीर रात्रीकडे सरकवावं. बंद मात्र करू नये, आधीच माणूस वाळत असतो.

पोटाचं दुखणं तर याहून जुनं. यजमानांना हात थरथरण्याआधी कित्येक वर्षं बद्धकोष्ठ होतं. प्रत्येकाने ते वयावर ढकललं. जेम्स पार्किन्सनने १८१७च्या निबंधातच मलावरोधाची नोंद केलेली आहे. २००३मध्ये ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने तर हा आजार काहींच्या बाबतीत आतड्यात सुरू होऊन मेंदूकडे चढत असावा असा तर्क मांडला. त्यावर वाद आहे. जठर मंदावलं की गोळी तिथेच पडून राहते, हे मात्र नक्की. इसबगोल द्यावा, पण भरपूर पाण्याबरोबर. कमी पाण्यात तोच अडकून बसतो.

शेजारच्या काकांनी 'अगदी नैसर्गिक' म्हणून खाजकुयलीचं चूर्ण आणून दिलं. तीन दिवसांत यजमानांची मान आणि खांदे आपोआप वळवळू लागले. खाजकुयलीच्या बियांतच लेव्होडोपा असतं. म्हणजे गोळीवर आणखी एक गोळी, तीही बिनमापाची. काकांना हे सांगितलं तर ते रुसले. आणि उलटीसाठी कोणी मेटोक्लोप्रामाइड लिहून दिलं, तर पार्किन्सन्स आहे हे ठणकावून सांगावं. लेव्होडोपाचं मेंदूत जे डोपामिन होतं, त्याचीच वाट ते औषध अडवतं.

बाकी पाणी प्यावं, रोज चालावं, ताण घेऊ नये, हे सगळेच सांगतात. ताण घेऊ नका म्हणणाऱ्यांनी एकदा त्या उंबऱ्याशी सकाळी नऊला उभं राहावं.

डोस डॉक्टरांनी पुन्हा खाली आणला, चूक झाली असं न म्हणता. तो लॅमिनेटचा तक्ता लेखिकेने टाकलेला नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने गोळ्यांच्या वेळा लिहून तो फ्रिजवर उलटा लावलाय. दूध रात्री, जेवणानंतर. पेपर मात्र अजूनही यजमानच आणतात, आणि सुडोकूचं पान आधी स्वतःकडे ठेवून घेतात.